विसाव्याचा दगड

सकाळी साडेपाचला उत्पलाच्या मुठीत आईचं बोट असायचं, आणि ते सोडवून घेणं हे अमृताचं दिवसातलं पहिलं काम. ओढून घेतलं की पोरगी जागी व्हायची. म्हणून ती चिमुकली बोटं एकेक करून सैल करायची, करंगळीपासून, आणि शेवटी आपल्या बोटाच्या जागी ओढणीचं टोक सरकवून द्यायची. चौदा महिन्यांच्या पोरीला अजून हा फरक कळत नव्हता. कळायला लागेल तेव्हा काय करायचं, हा विचार अमृता उद्यावर ढकलायची. तिचे बरेचसे विचार असेच उद्यावर गेलेले होते.

सव्वासहाला फाट्यावर कंपनीची बस. तोवर भाकरी थापायच्या, डबा भरायचा, सासऱ्याची वाफेची गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा, आणि सासूला हाक मारून सांगायचं, "आत्याबाई, निघाले. दूध झाकून ठेवलंय." मुक्ताबाई अंथरुणातूनच म्हणायच्या, "जा माय. सावकाश जा." सावकाश जायला वेळ कुणाला होता? पण त्या रोज म्हणायच्या आणि ते ऐकलं की अमृताला बरं वाटायचं.

चिंचखेडा म्हटलं तर गाव, म्हटलं तर शहर. एका अंगानं वाळूजच्या कंपन्या सरकत आल्या, दुसऱ्या अंगानं प्लॉटिंगवाले, आणि दाराच्या फटीत बोट सापडावं तसं गाव मधे सापडलं. वेशीवरची पाटी दोनदा बदलली. जुनी घरं साठ-सत्तर, भाडेकरू त्यांच्या चौपट. कुणी परभणीचं, कुणी बीडचं, कुणी थेट बिहारचं. ज्या भिंतींवर गोवऱ्या थापायच्या तिथं आता 'रूम भाड्याने देणे आहे' लिहिलेलं. गावाच्या नावातली चिंच विजेच्या तारा आल्या तेव्हाच तोडली होती. घड्याळ कुणी बघायचं नाही, सगळं पाळीवर चालायचं. उत्पला कधी झाली असं विचारलं तर मुक्ताबाई सांगायच्या, "दुसरी पाळी सुटली अन् ही झाली."

अमृता शहरातल्या उस्मानपुऱ्यातली. संघपालशी लग्न होऊन साडेतीन वर्षांपूर्वी इथं आली. संघपाल दुसऱ्या कंपनीत, त्याची पाळी फिरती. नवराबायकोची नीट भेट रविवारी, तीही कपडे पिळताना, चादरीचं एक टोक तिच्या हातात आणि एक त्याच्या.

फाट्यावर बसायला बाकडं होतं. म्हणजे बायका बाकडं म्हणायच्या, होता तो दगडच. काळा, घडवलेला, पुरुषभर लांब, वरून गुळगुळीत झालेला, दोन्ही टोकांखाली सिमेंटच्या विटा. एका कडेला ओंजळभर खळगा, त्यात शेंगांची टरफलं, बाटलीची झाकणं, कुणाच्या तरी केसांचा चाप. सहा जणी दाटीवाटीनं बसायच्या. ज्या बायका वायरिंगच्या लाईनवर आठ तास उभ्याने टेप गुंडाळतात, त्यांना बस येण्याआधीची ती दहा मिनिटं काय असतात, ते त्यांनाच ठाऊक.

आणि हे बाकडं अमृतानं मिळवलेलं होतं. गावात तिच्या नावावर जमा असलेली एवढीच एक गोष्ट. उत्पलाच्या वेळी सातवा महिना चालू होता, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. गावातला रस्ता रुंद करायचं काम निघालेलं. ती पाळी सुटून घरी चालली होती, तर जेसीबीच्या दातांवर हा दगड लटकलेला, खाली टिपर उभा.

"भाऊ, हा कुठं नेता?"

"भरावात, ताई."

"मग फाट्यावर टाका ना. बायकांना बसायला होईल."

जेसीबीवाल्यानं तिच्या पोटाकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं आणि जेसीबी वळवला. दुसऱ्या दिवशी परभणीच्या मेघानं शेजारच्या बांधकामावरून चार विटा पळवून आणल्या आणि म्हणाली, "घ्या. अमृताबाईचं सिंहासन तयार."

होळीच्या आदल्या आठवड्यात वरच्या आळीचे काकासाहेब वारले. चांगले पिकलेले होते, नव्वदीचे. मयताला गावातली जुनी माणसं गेली, जब्बारचाचाही गेले. जब्बारचाचांचं घर भिंतीला भिंत लागून. ते आणि अमृताचे सासरे कडुबा एकाच वर्षीचे, एकाच नाल्यात पोहायला शिकलेले. कडुबांनी भट्टीवर वीस वर्षं काढली आणि छाती तिथंच ठेवून आले. दोन वर्षं झाली, ओसरीवरच्या खाटेपलीकडं त्यांचं जग नव्हतं. बाहेरचं काय ते जब्बारचाचा आणून सांगायचे.

अमृता आत पीठ मळत होती. ओसरीवर खाट करकरली.

"कडुबा, दगड गया रे."

"कोणता दगड?"

"कोणता म्हणतो! विसाव्याचा. चिंचंखालचा. काकासाहेबला घेऊन गेलो, टेकवायला बघतो तर दगडच नाय. सगळं डांबर. मागून डंपर भों भों करू राहिला. शेवटी आमच्या इम्रानची मोटरसायकल आडवी लावली. एक बाजू सीटवर, एक बाजू सरपंचाच्या गुडघ्यावर."

मुक्ताबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "काकासाहेबानं जन्मात कधी मोटरसायकल धरली नाय." आणि लगेच, "अरेरे."

कडुबा हसले नाहीत. "नीट बघितलं का? पुरुषभर दगड हाय तो. डोक्याच्या अंगाला खळगा."

"अरे, पन्नास वर्षं बघितलेला दगड मला सांगतो काय!"

काठवटीत अमृताचा हात थांबला. मग तिनं पाण्याचा हात लावून पीठ पुन्हा मळायला घेतलं, मळून झालेलं असूनही.

तिला खरंच माहीत नव्हतं. घर आणि मसणवटा यांच्या मधोमध तिरडी क्षणभर खाली ठेवतात, खांदे बदलतात, पुढचे मागे होतात आणि मागचे पुढे, हे तिनं ऐकलेलं होतं. पण मयताबरोबर बायका गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढचं सगळं पुरुषांचं. माहेरी तर दारात गाडी यायची आणि गाडीच घेऊन जायची; कुणी कुठं टेकवायचा प्रश्नच नव्हता. रस्त्याच्या कडेला पडलेल्या एका दगडाला नाव असेल, हे शहरातल्या पोरीला कुठून कळावं?

रविवारी दुपारी उत्पला झोपल्यावर कडुबांनी हाक मारली. "पोरी, कागद घे. तहसीलदाराला अर्ज लिहायचाय."

जब्बारचाचा साक्षीला बसलेच होते. अमृता उंबऱ्याच्या आत, खाली, पाटीवर कागद धरून.

"विषय लिही. विसाव्याचा दगड."

तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मौजे चिंचखेडा येथील विसाव्याचा दगड गहाळ झाल्याबाबत."

"गहाळ नाय. गहाळ म्हणजे आपल्या हातून पडला. चोरी लिही."

"चोरी?"

"मग काय, दगड चालत गेला?"

"अज्ञात इसम लिही बेटी," जब्बारचाचा म्हणाले. "अज्ञात इसमाने चोरून नेला. चौकीत असंच लिहितात."

अमृतानं स्वतःच्या हातानं स्वतःला अज्ञात इसम लिहिलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

"आता कारण," कडुबा म्हणाले. "साहेब म्हणल, दगडच तर हाय. तर त्याला सांग."

आणि मग ते सांगू लागले, थांबत, खोकत, मधेच पाणी मागत. तिनं दोन ओळी लिहिल्या आणि पुढं पेन नुसतं हातात राहिलं.

"बहात्तरचा दुष्काळ. मी बावीस वर्षाचा. बाप खडी फोडायच्या कामावर. दुपारी सावलीला म्हणून बसला तो उठलाच नाय. सुकडी खाऊन जगलेली माणसं आम्ही. खांद्याला चौघं, अन् चौघांच्या पायात जीव नाय. आमची जागा लांब, पार नाल्याच्या पलीकडं. गावाचा विसावा चिंचंखाली, पण तो गावाचा. आमचा नव्हता. आमच्या मयतानं सरळ जायचं, न टेकता. बाप म्हणायचा, आपल्याला जित्तेपणी बसायला नाय अन् मेल्यावर टेकायला नाय." त्यांनी श्वास घेतला. "त्या दिवशी चिंचंपाशी आलो अन् माझा गुडघा गेला. म्हणलं, टेकवा. पारावरचे उठले. म्हणले, इथं नाय, पुढं व्हा. आम्ही तसेच उभे. बाप खांद्यावर. ना पुढं जाता येतं, ना मागं."

"तेव्हा माझे अब्बा आले," जब्बारचाचा म्हणाले. "बाजारातून येऊ राहिले होते, डोक्यावर पोतं. पोतं खाली टाकलं अन् तिरडीच्या कोपऱ्याला हात घातला. म्हणले, मेलेला थकत नाय, जिते थकतात. ठेवा खाली."

"ठेवला," कडुबा म्हणाले.

"मग?" अमृतानं विचारलं.

"मग काय? दोन महिने गिरणीवाल्यानं आमचं दळण घेतलं नाय. ह्याच्या आईनं जात्यावर दळून दिलं, आमच्या पाच घरांचं. पण त्याच्यानंतर आमचं एक बी मयत न टेकता गेलं नाय. आई टेकली, भाऊ टेकला."

"पण मामा," ती हळूच म्हणाली, "आपण तर पिंड, कावळा, काहीच मानत नाही ना?"

"मानायचा सवाल कुठं आला? पिंड सोडला, कावळा सोडला, बाबासाहेबांनी सांगितलं तवापासून सगळं सोडलं. पण खांदा दुखतो तो धरमानं दुखतो का? दमलेल्या माणसानं टेकायचं, एवढं साधं. अन् ते बी लोकांनी दिलं नाय, आम्ही घेतलं." त्यांनी भिंतीला डोकं लावलं. "मला तिथं टेकवा, एवढंच. दुसरं काय मागितलं मी तुम्हाला?"

काहीच मागितलं नव्हतं. तेच तर. साडेतीन वर्षांत या माणसानं चहासुद्धा कधी मागून घेतला नव्हता.

अर्ज तिच्या डब्याच्या पिशवीत राहिला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. त्याच्यावर वरणाचा पिवळा डाग पडला.

"अर्ज दिला का ग?"

"दिला मामा."

"काय म्हणले?"

"बघतो म्हणाले."

"बघतील, बघतील. दगड काय रोज चोरीला जातो का."

तिनं एकदा जुन्या जागी जाऊन पाहिलं. तिथं डांबर होतं, डांबराच्या कडेला गटाराचं झाकण, आणि झाकणावर पाणीपुरीची गाडी. दगड परत आणायचा म्हटला तरी ठेवणार कुठं? संघपालला सांगावं, तर तो दोन पाळ्या जोडून करून आलेला, ताटावर बसल्याबसल्या डुलकी घेणारा. उद्या सांगू. उद्या रविवार नाही, मग परवा.

फाट्यावर ती आता बसेना. पाय ठणकत असायचे, रात्री उत्पलाचे दात येत होते म्हणून तीन-चारदा उठणं झालेलं असायचं, तरी विजेच्या खांबाला टेकून उभी राहायची.

"काय ग," मेघा म्हणाली, "सिंहासनाला काटे फुटले का?"

"कंटाळा आलाय बसायचा."

"बसायचा कंटाळा! ऐका ग बायांनो. हिला सुपरवायझर करा."

अशात एक दिवस सगीराखाला फाट्यावर आल्या. जब्बारचाचांच्या बायको. आमरीनच्या, त्यांच्या नातीच्या, लग्नाची लेस आणि गोंडे आणायला शहागंजला चालल्या होत्या, साडेसहाची पहिली सिटी बस गाठायला. बसल्या आणि सवयीनं हात बाजूला टेकवला. हात खळग्यात गेला. त्यांनी टरफलं बाजूला करून बोटांनी कड चाचपली, मग वाकून दगडाच्या खाली पाहिलं, मग अमृताकडं.

अमृतानं मान खाली घातली. तेवढ्यानं त्यांना कळलं.

"या अल्ला. तू?"

"मला माहीत नव्हतं, खाला. भरावात चालला होता. मी म्हटलं बसायला होईल."

"अन् उधर बुढ्ढा रोज जब्बारला विचारतो, साहेबचा फोन आला का म्हणून." सगीराखालांनी कपाळावर हात मारला, पण हसूही आलं त्यांना. "सांग बाई. तो गेल्यावर सांगून काय उपयोग?"

"रागावतील."

"रागावू दे. तोंडावर रागावलेला बरा."

अमृतानं वेळ मात्र हुशारीनं निवडली. दुपारी साडेतीनला पाळी सुटून ती घरी येते, तेव्हा कडुबा खाटेवर उताणे असतात आणि त्यांच्या पोटावर उत्पला पालथी झोपलेली असते. त्यांचा तुटका श्वास तिला पाळण्यासारखा. हात-पाय न धुताच अमृता खाटेशी खाली बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: सातवा महिना, जेसीबी, भराव, विटा, अर्ज, पिशवी.

कडुबांनी पत्र्याकडं पाहिलं. मग दबक्या आवाजात, ओठ न हलवल्यासारखं करत म्हणाले, "कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मग विचारायचं नव्हतं?" उत्पला हलली. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि आवाज आणखी खाली आणला. "घरात दोन म्हातारी माणसं हायत. तोंडात जीभ हाय त्यांच्या. एक शब्द विचारायचा."

"चुकलं, मामा."

"महिनाभर माझ्याशी खोटं बोललीस."

"हो."

"बायका बसतात त्याच्यावर? टरफलं टाकतात?" थोपटणं चालूच होतं, अगदी हलकं, आणि वर डोळे लाल. "माझ्या बापाला जिथं ठेवला तिथं?"

तिला वाटलं होतं, पोरगी पोटावर असली की ओरडता येणार नाही, तेवढंच बरं. पण ओरडण्यापेक्षा हे जड गेलं. ती उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. मग त्याच पाण्यात दुपटी धुतली.

तीन दिवस कडुबा तिच्याशी बोलले नाहीत. निरोप उत्पलामार्फत यायचे. "उत्पला, तुझ्या आईला म्हणावं, पंखा बारीक कर." उत्पला "बा बा बा" करायची आणि अमृता पंखा बारीक करायची. मुक्ताबाई पहिल्या दिवशी गप्प होत्या, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "म्हातारपणी रुसवा बरा दिसत नाय." तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा केला आणि सरळ अमृताच्या हातात दिला, नेऊन द्यायला. कडुबांनी घेतला. बोलले नाहीत.

जब्बारचाचांनी भांडून पाहिलं. "अरे, ती नसती तर तो आज कुणाच्यातरी बंगल्याच्या पायात राहिला असता! मग काय बंगल्यात नेऊन टेकवायचं होतं का तुला? हॉलमध्ये?"

"तू गप."

"मी गप. पण बहूनं वाचवला, चोरला नाय. एवढं ध्यानात ठेव."

चौथ्या दिवशी सकाळी अमृता करंगळी सोडवून, ओढणीचं टोक देऊन बाहेर आली, तर कडुबा खाटेवर बसलेले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, बटणं एक सोडून एक लावलेली, हातात काठी. दारात जब्बारचाचांच्या इम्रानची रिक्षा.

"सकाळी सकाळी कुठं?" मुक्ताबाई केस बांधत बाहेर आल्या.

"फाट्यावर," इम्रान म्हणाला. "चाचांनी रात्रीच सांगून ठेवलंय. मला वाटलं दवाखाना."

अमृता रिक्षात पुढं इम्रानच्या शेजारी कडेला टेकली, कडुबा मागं. दोन गल्ल्यांचा रस्ता. कडुबा दोन्ही बाजूंना बघत होते. "इथं मारुतीचा पार होता ना?" त्यांनी विचारलं. "तो मागं राहिला, चाचा. हे मोबाईलचं दुकान."

फाट्यावर पाच-सहा जणी बसल्या होत्या. रिक्षातून म्हातारा उतरताना पाहून दोघी उठल्या. कडुबा काठी टेकत दगडाशी आले, उभे राहिले, मग कडेला खळग्याजवळ बसले. एका हातानं खळग्यातलं एकेक टरफल उचलून दुसऱ्या हातात जमा केलं. झाकणं काढली. केसांचा चाप निघाला तो त्यांनी वर धरला. "हा कुणाचा?" एक पोरगी लाजत पुढं आली आणि घेऊन गेली.

मेघा उशिरा, धावत आली. तिला काहीच माहीत नव्हतं. "बाबा, जरा सरकता का?" ती म्हणाली. "रात्रभर पोराला ताप होता हो. उभं राहवत नाय."

कडुबांनी मेघाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, वेणी घालायची राहिलेली. ते काठीवर जोर देऊन सरकले. मेघा बसली आणि बसल्याबसल्या तिचे डोळे मिटले.

"किती तास उभं राहता तुम्ही तिथं?" कडुबांनी विचारलं.

"आठ," मिटल्या डोळ्यांनी मेघा म्हणाली. "ओव्हरटाइम असला तर बारा."

"बसू देत नाय?"

"स्टूलच नाय, बाबा. बसणार कशावर?"

कडुबांनी तिच्या पायांकडं पाहिलं. मग त्यांनी मान वर करून खांबाकडं पाहिलं. "अमृता."

चार दिवसांनी त्यांनी तिचं नाव घेतलं होतं.

"तू कामून उभी?"

"असू द्या, मामा."

सासऱ्यासमोर ती कधी बसली नव्हती. म्हणजे खाली बसायची, उंबऱ्याच्या आत. त्यांच्या खाटेच्या उंचीला कधीच नाही. कुणी तसा नियम सांगितला नव्हता, पण होता.

"बस."

"मामा, बस येईलच आता."

"येईल तवा उठ. आठ तास उभंच राहायचंय ना तिथं?" आणि ते आणखी एक वीतभर सरकले.

ती बसली. कडेला, अर्धी. मग हळूहळू पूर्ण. दगड रात्रीचा गारवा धरून होता. महिनाभर ठणकणाऱ्या पोटऱ्या एकदम सैल पडल्या आणि तिला भीती वाटली, आता उठताच येणार नाही. तिच्या बसण्यानं दगड एका बाजूनं किंचित डुगडुगला.

"इम्रान," कडुबा म्हणाले, "ही वीट हलू राहिली. संध्याकाळी घमेलंभर सिमेंट घेऊन ये. मला आणाल तेव्हा असं डुगडुगायला नको."

इम्राननं चमकून अमृताकडं पाहिलं. "इकडं आणायचं, चाचा? मसणवटा तर त्या अंगाला. लांबून वळसा पडेल."

"पडू दे. मधे टेकवणारच हायत, दमतील कशानं?" ते रस्त्याकडं बघत होते. "अन् अमृता, संघपालला सांगून ठेव. आणायचं ते सातच्या पुढं आणा. आधी ह्यांची बस जाऊ द्या. उगा माझ्यापायी ह्या पोरींना उठवू नका."

"मामा, असं काय बोलता?"

"बोलायचं ते बोललो. अन् तो अर्ज दे इकडं. अज्ञात इसम म्हणं."

तिनं पिशवीतून कागद काढून दिला. त्यांनी त्यात हातातली सगळी टरफलं गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

बस आली. मेघाला हलवून उठवावं लागलं. बायका चढल्या, शेवटची अमृता. कडुबा दगडावर एकटे राहिले, काठी दोन गुडघ्यांत उभी, आणि इम्रान रिक्षा वळवायची घाई करत होता, त्याला ते हातानं थांब म्हणत होते. अमृताला खिडकीची जागा मिळाली. हात दाखवावा म्हणून तिनं काच सरकवायला घेतली, ती अडकली होती. काच सरकेपर्यंत बस मोठ्या रस्त्याला लागली होती, आणि पहिला सिग्नल यायच्या आत तिला झोप लागली.